एक डबा, सहा सर्व्हर

वायरलेस नेटवर्कचा विषय निघाला की आपल्या होस्टेलवर पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘स्पीड किती मिळतो रे?’ मग अँटेना, राउटर, टॉवर यांवर तासभर गप्पा रंगतात. त्या जाळ्यावर चालणार काय, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही. हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे. समजा एखाद्या गावानं स्वतःचं वायरलेस जाळं उभारलं. त्यावरच्या सेवा ठेवायच्या कुठे? त्यासाठी कॉम्प्युटर किती लागतील? आणि ज्या पोरानं हे सगळं बसवलं तो नोकरीसाठी पुण्याला निघून गेला, तर मागे काय उरेल? तिन्ही प्रश्नांना एकच उपाय बराच पुरा पडतो, तो म्हणजे व्हर्च्युअल मशीन.

उदाहरणासाठी मी माझं गाव घेतो, मोताळा. बुलढाणा जिल्ह्यातलं तालुक्याचं ठिकाण, बुलढाणा-मलकापूर रस्त्यावर. बुलढाण्याकडून राजूरचा घाट उतरून आलं की पुढे सपाट मुलूख लागतो. कापूस, सोयाबीन, तूर ही पिकं आणि जवळच नळगंगेचं धरण. मागे अजिंठ्याचे डोंगर आणि समोर मोकळी जमीन ही रचना वायरलेसच्या माणसाला फार आवडते, कारण उंचावरून लांबपर्यंत थेट दिसतं. मोताळ्यात आणि आसपासच्या चार खेड्यांत असं जाळं टाकायचं झालं तर कसं करता येईल, हे डोळ्यांसमोर ठेवून पुढचं वाचा.

आधी कोणी केलंय का?

हो, केलंय. स्पेनच्या कॅटलोनिया भागात २००४ साली ‘गिफी डॉट नेट’ नावाचं जाळं सुरू झालं. कंपन्या खेड्यांत यायला तयार नव्हत्या, म्हणून लोकांनी स्वतःच्या छपरांवर अँटेना लावून एकमेकांची घरं जोडली. आज त्यात तीस हजारांहून जास्त नोड आहेत. या जाळ्यासाठी २०१३ पासून ‘क्लॉम्युनिटी’ नावाच्या युरोपीय प्रकल्पात ‘क्लाउडी’ ही डेबियनवर आधारलेली लिनक्सची आवृत्ती तयार झाली. लोकांनी आपापल्या घरातल्या छोट्या मशीनवर सेवा चालवायच्या आणि त्या जाळ्यातल्या बाकीच्यांना आपोआप सापडायच्या, अशी तिची कल्पना. म्हणजे जाळं उभारून झाल्यावर त्यांनाही हाच प्रश्न पडला, ‘आता यावर चालवायचं काय?’

महाराष्ट्रात आयआयटी मुंबईच्या ‘ग्राम मार्ग’ प्रकल्पानं पालघर जिल्ह्यात खामलोली आणि आसपासच्या गावांत टीव्हीच्या यूएचएफ पट्ट्यातल्या रिकाम्या जागा वापरून इंटरनेट पोचवलं. प्राध्यापक अभय करंदीकर यांच्या नेतृत्वाखालच्या या कामाला २०१७ साली मोझिलाच्या ‘इक्वल रेटिंग’ स्पर्धेत बक्षीस मिळालं.

पण सगळ्यात जास्त शिकवण्यासारखं उदाहरण वारणेचं आहे. १९९८ मध्ये कोल्हापूर-सांगली भागातल्या ७० गावांत ‘वायर्ड व्हिलेज’ योजना आली. गावागावांत कॉम्प्युटरची केंद्रं निघाली आणि ऊस उत्पादक सभासदांची माहिती तिथे मिळू लागली. पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधकांनी सात गावांत आठ महिने प्रयोग केला. त्यांनी केंद्रातला कॉम्प्युटर बाजूला ठेवून तेच काम मोबाइलच्या एसएमएसवर आणलं. ते स्वस्त पडलं, सोयीचं ठरलं आणि शेतकऱ्यांना जास्त आवडलं. माझा ऊस किती वजनाचा भरला, एवढंच शेतकऱ्याला हवं होतं. ते उत्तर कुठल्या पेटीतून येतं याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. म्हणून मोताळ्यातही आधी सेवा ठरवायची आणि मग यंत्र.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे काय?

आपलं होस्टेलच घ्या. इमारत एक, पाण्याची टाकी एक, विजेचं मीटर एक. तरी प्रत्येक खोलीला स्वतःचं दार आणि स्वतःचं कुलूप. एका खोलीत रात्रभर धिंगाणा झाला तरी शेजारच्या खोलीतलं सामान जागच्या जागी राहतं. कोणाला कुठली खोली, कोणाला किती पाणी, हे रेक्टर ठरवतात.

व्हर्च्युअल मशीनचं तसंच आहे. खरा कॉम्प्युटर म्हणजे इमारत. त्यावर ‘हायपरवायझर’ नावाचा प्रोग्रॅम रेक्टरचं काम करतो. तो प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांचे वाटे पाडून प्रत्येक पाहुण्या ऑपरेटिंग सिस्टिमला एक खोली देतो. त्या पाहुण्याला वाटतं की अख्खा कॉम्प्युटर आपलाच आहे. तो स्वतः बूट होतो, त्याला स्वतःचा आयपी पत्ता असतो, आणि तो कोसळला तर एकटाच कोसळतो.

कल्पना जुनी आहे. आयबीएमच्या मोठ्या मशीनवर ती १९७२ पासून ‘व्हीएम/३७०’ या नावानं विकली जात होती. आपल्या साध्या पीसीच्या प्रोसेसरवर मात्र ती आणणं अवघड गेलं. थिअरीच्या पेपरात उपयोगी पडेल म्हणून कारण सांगतो. पाहुण्यानं मोठ्या अधिकाराची सूचना चालवायला घेतली, की प्रोसेसरनं त्याला अडवून रेक्टरला हाक मारली पाहिजे. जुन्या एक्स-८६ प्रोसेसरमध्ये ‘पॉप-एफ’सारख्या काही सूचना अशा होत्या, की अधिकार नसताना चालवल्या तर त्या तक्रार न करता अर्धंच काम करून पुढे जायच्या. रेक्टरला पत्ताच लागायचा नाही. व्हीएमवेअरनं १९९९ मध्ये अशा सूचना चालता चालता बदलून घेण्याची युक्ती काढली. मग २००५ मध्ये इंटेलनं आणि २००६ मध्ये एएमडीनं प्रोसेसरमध्येच सोय दिली. फेब्रुवारी २००७ मध्ये लिनक्सच्या २.६.२० या आवृत्तीत ‘केव्हीएम’ आलं आणि हे सगळं फुकटात आपल्या हातात पडलं. तुमच्या प्रोसेसरमध्ये सोय आहे का ते बघायला लिनक्समधली ‘सीपीयू-इन्फो’ फाइल उघडा. इंटेल असेल तर ‘व्हीएमएक्स’, एएमडी असेल तर ‘एसव्हीएम’ हे अक्षर शोधा. सापडलं नाही तर बायोसमध्ये ती सोय बंद ठेवलेली असू शकते.

सगळं एकाच लिनक्सवर का टाकू नये?

हा प्रश्न मला रूमपार्टनरनं विचारला आणि तो रास्त आहे. टाकता येतं, पण मग भांडणं सुरू होतात. मूडलला पीएचपीची ठरावीक आवृत्ती हवी असते, दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमला जुनी लागते. एकाचं अपडेट केलं की दुसरा रुसतो. कोणाच्या वेब पानात भोक निघालं तर आत शिरलेल्याला सगळंच उघडं सापडतं. खोल्या वेगळ्या असल्या की ही डोकेदुखी बरीच कमी होते.

आणखी एक हलका पर्याय आहे, कंटेनर. त्यात कर्नल सगळ्यांचा एकच असतो, फक्त वरचा संसार वेगळा. मेमरी कमी लागते, पण भिंत पातळ असते. छोट्या, विश्वासाच्या सेवांना कंटेनर चालतो. बाहेरची मंडळी जिथे लॉगिन करणार तिथे पूर्ण व्हर्च्युअल मशीन बरी. ‘प्रॉक्समॉक्स’सारख्या मुक्त प्रणालीत दोन्ही प्रकार एकाच पडद्यावरून सांभाळता येतात.

मेमरीचा हिशोब

आता प्रत्यक्ष आकडे घेऊ. ऑफिसांतून निघालेला, चार कोअरचा, १६ जीबी मेमरीचा छोटा जुना डेस्कटॉप धरा. त्यावर सहा पाहुणे बसवायचे.

१. नावं आणि पत्ते देणारी मशीन, म्हणजे डीएनएस आणि डीएचसीपी : अर्धा जीबी.
२. ग्रंथालय : १ जीबी.
३. अभ्यासवर्ग, म्हणजे मूडल आणि त्याचा डेटाबेस : ३ जीबी.
४. फाइलींचा साठा : २ जीबी.
५. देखरेख, म्हणजे कुठला रेडिओ चालू आणि कुठला बंद हे दाखवणारी मशीन : १ जीबी.
६. प्रयोगासाठी मोकळी खोली : २ जीबी.

ही बेरीज साडेनऊ. यजमान सिस्टिमला २ जीबी धरले तर साडेअकरा. म्हणजे साडेचार जीबी शिल्लक राहतात.

ते शिल्लकच राहू द्या. हायपरवायझर तुम्हाला असलेल्यापेक्षा जास्त मेमरी वाटू देतो. आपल्या मेससारखंच आहे हे. पटावर १२० पोरं, पण शनिवारी बरीच गावाला जातात म्हणून स्वयंपाक १०० जणांचा. रोज चालून जातं. एखाद्या शनिवारी सगळेच थांबले की शेवटच्या पंगतीला भाजी नसते. मेमरी संपली की लिनक्स कोणाला तरी उपाशी ठेवत नाही, सरळ बाहेर काढतो, आणि बाहेर काढलेला तो तुमचा अख्खा मूडल सर्व्हर असू शकतो. तेव्हा जेवढी मेमरी आहे तेवढीच वाटावी.

विजेचा हिशोब

आमच्याकडे पावसाळ्याच्या तोंडाला वादळ सुटलं की लाइन जाते, आणि कधी येईल ते सांगता येत नाही. म्हणून गावात विजेचा हिशोब मेमरीच्या हिशोबाइतकाच महत्त्वाचा.

सहा सेवांना सहा वेगळे जुने पीसी लावले आणि प्रत्येकी ६० वॅट धरले तर ३६० वॅट होतात. दिवसाला ८.६४ युनिट, महिन्याला जवळजवळ २६० युनिट. एकच छोटा डेस्कटॉप साधारण ३० वॅट घेतो असं धरलं तर महिन्याला २१.६ युनिट. हे बिल कोण भरणार यावरच जाळं टिकणार की नाही ते ठरतं.

आता बॅटरी. इन्व्हर्टरची १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १८०० वॅट-तास. बॅटरी लवकर मरू नये म्हणून तिच्यातले निम्मेच वापरायचे, म्हणजे ९००. त्यातले २० टक्के इन्व्हर्टर खातो. हातात ७२० राहिले. एक डबा, एक रेडिओ आणि एक स्विच मिळून ४५ वॅट धरले तर १६ तास निघतात. सहा पीसी लावले तर त्याच बॅटरीवर दोन तासही निघत नाहीत. बारावीच्या परीक्षेच्या आदल्या रात्री लाइन गेली, तर हा चौदा तासांचा फरक कोणालाही कळेल.

सेवा कुठल्या ठेवायच्या?

इथे स्वप्नं न बघता विचार करावा. सातबारा, परीक्षेचे फॉर्म, बँकेचे व्यवहार यांना बाहेरचं इंटरनेट लागणारच. ते आपल्या डब्यातून होणार नाही. डब्यात अशाच गोष्टी ठेवायच्या, ज्या गावातल्या गावात पुऱ्या होतात.

पहिली गोष्ट ग्रंथालय. ‘किविक्स’ नावाचा मुक्त प्रोग्रॅम अख्खा विकिपीडिया एका फाइलीत बांधून इंटरनेटशिवाय दाखवतो. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे आणि त्यात नव्वद हजारांवर लेख आहेत. दुसरी, अभ्यासवर्ग. मूडलवर धडे, सराव परीक्षा आणि गुण ठेवता येतात. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मिळतात, पण आपल्या सर्व्हरवर त्यांची प्रत ठेवण्याआधी परवानगीची चौकशी जरूर करावी. तिसरी, गावाचा फलक. त्यावर पाणी कधी सुटणार, ग्रामसभा कधी, मलकापूरच्या बाजारात आज कापसाला काय भाव निघाला, असं लिहायचं. पण भाव रोज भरणारा माणूस आधी ठरवा. आठवडाभर जुना भाव दाखवणारा फलक नसलेला बरा.

जुन्या पुस्तकांत एक सल्ला हमखास असतो, की स्क्विडसारखा कॅश सर्व्हर बसवा, एकदा आलेलं पान साठवून ठेवा, इंटरनेटचा खर्च वाचेल. हा सल्ला आता फारसा उपयोगी नाही. आज बहुतेक सगळी पानं एचटीटीपीएसनं बंद पाकिटात येतात. मधल्या सर्व्हरला पाकीट उघडता येत नाही, मग तो साठवणार काय? म्हणून साठा आपणच ठरवून आणून ठेवावा लागतो. लिनक्सची पॅकेजेस मात्र अजूनही कॅश करता येतात, आणि सहा व्हर्च्युअल मशीन अपडेट करताना त्याचा चांगला उपयोग होतो.

डबा ठेवायचा कुठे?

रेडिओच्या बाजूचं थोडं गणित. मोताळ्यापासून पाच किलोमीटरवरचं एखादं खेडं घ्या आणि ५८०० मेगाहर्ट्झची लिंक धरा. मोकळ्या हवेतला ऱ्हास सूत्रानं सुमारे १२२ डेसिबल येतो. २० डीबीएमचा रेडिओ आणि दोन्ही टोकांना १६ डेसिबलच्या अँटेना धरल्या तर पलीकडे उणे ७० डीबीएमच्या आसपास सिग्नल पोचतो. काम चालण्याइतका आहे. मात्र नुसतं दिसून भागत नाही. लिंकच्या मध्यावर फ्रेनेल क्षेत्राची त्रिज्या सुमारे ८ मीटर भरते, आणि तिचा ६० टक्के भाग, म्हणजे साधारण ५ मीटर, मोकळा हवा. उन्हाळ्यात निष्पर्ण झाडांवरून लिंक लावली आणि पावसाळ्यात तिथेच कडुनिंब भरगच्च झाला, की सिग्नल बसतो.

दुसरी गोष्ट टप्प्यांची. एकच रेडिओ एकाच चॅनेलवर घेतो आणि पुढे देतो, तेव्हा ढोबळमानानं दुसऱ्या टप्प्याला वेग निम्मा आणि तिसऱ्याला एकतृतीयांश होतो. म्हणजे ६० एमबीपीएसचे ३०, मग २०. म्हणून डबा जाळ्याच्या मध्यावर ठेवावा, टोकाला नाही. लांबच्या खेड्यातल्या शाळेत ग्रंथालयाच्या मशीनची दुसरी प्रत ठेवली तर तिथल्या पोरांना प्रत्येक पानासाठी तीन टप्पे ओलांडावे लागत नाहीत. इथे व्हर्च्युअल मशीनचा मोठा फायदा दिसतो, कारण ती शेवटी एक फाइल आहे. मोताळ्यात तयार करायची, पेनड्राइव्हमध्ये घालायची, एसटीनं जायचं आणि तिकडच्या डब्यात उतरवायची.

डबा बंद पडला तर?

सहा सेवा एका डब्यात म्हणजे डबा गेला की सहाही गेल्या. हा या पद्धतीचा खरा तोटा आहे. यावर उपाय एकच, तसाच दुसरा डबा. दोन्ही एका खोलीत नकोत. एक गावात मध्यावर, दुसरा दुसऱ्या छपराखाली. रोज रात्री पहिल्यावरच्या मशीनची प्रत दुसऱ्यावर जाते. पहिला बंद पडला तर दुसऱ्यावर त्याच मशीन चालू करायच्या. कालच्या रात्रीनंतरचं काम जाईल, बाकी राहील.

स्नॅपशॉट आणि बॅकअप यांची गल्लत मात्र करू नका. स्नॅपशॉट त्याच डिस्कवर राहतो. मूडल अपडेट करण्याआधी तो घ्यावा, बिघडलं तर क्षणात मागे जाता येतं. पण डिस्क जळाली की स्नॅपशॉटही जळाला. बॅकअप म्हणजे दुसऱ्या जागेवरची प्रत, आणि तीही महिन्यातून एकदा चालू करून बघितलेली.

माणूस गेला तर?

आमच्या होस्टेलवर एका सीनियरनं जुन्या प्रश्नपत्रिकांचा सर्व्हर बसवला होता. छान चालायचा. पास होऊन तो गेला, पासवर्ड त्याच्याबरोबर गेला. पुढच्या सेमिस्टरला मशीन अडली तेव्हा काय कुठे ठेवलंय हे कोणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी डिस्क फॉरमॅट झाली आणि कित्येक वर्षांच्या प्रश्नपत्रिका गेल्या. सीनियरचा दोष नव्हता. शिकलेलं पोर बाहेर जाणारच, होस्टेलमधून जातं तसंच मोताळ्यातूनही जातं. गावातलं कुठलंही तांत्रिक काम बसवताना, बसवणारा जाणार आहे हे आधीच धरून चालावं लागतं.

सहा वेगळ्या फाइलींत बांधलेल्या सेवा सोपवता येतात. नव्या पोराला सगळं एकदम शिकावं लागत नाही. सहावी मोकळी खोली त्याच्यासाठीच आहे. मूडलची प्रत तिथे घ्यावी, हवी तशी मोडावी, पुसावी आणि परत घ्यावी. खऱ्या वर्गाला धक्का लागत नाही. गावात सर्व्हर शिकायची एवढी सुरक्षित जागा दुसरी नाही. त्याबरोबर एक वही ठेवायची, कागदाचीच. कुठली मशीन काय करते, तिचा पत्ता, बॅकअप कुठे जातो, डबा बंद-चालू कोणत्या क्रमानं करायचा, हे सगळं तिच्यात मराठीत लिहायचं. पासवर्ड बंद पाकिटात, शाळेच्या कपाटात.

कायद्याचं थोडं

आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त झाला आणि ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग ऑक्टोबर २०१८ मध्ये. शक्तीची मर्यादा मात्र पाळावी लागते आणि रेडिओ मान्यताप्राप्त हवा. गावातल्या गावात सेवा देणं वेगळं आणि लोकांना पैसे घेऊन इंटरनेट वाटणं वेगळं. दुसऱ्या कामासाठी डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली ‘पीएम-वाणी’ योजना आहे. तिच्यात किराणा दुकानदारालासुद्धा परवान्याशिवाय वाय-फाय केंद्र चालवता येतं. त्या वाटेनंच जावं.

सुरुवात कशी करावी?

टॉवरपासून सुरुवात करू नका. सेकंडहँड डबा, त्यावर प्रॉक्समॉक्स, त्यावर एकच पाहुणा, किविक्सचा. एक राउटर लावून तो एका खोलीत चालवा. पुढच्या आठवड्यात दुसरा पाहुणा बसवा. महिन्याभरानं वही ज्युनियरच्या हातात द्या आणि तुम्ही बाहेर उभे राहून त्याला सगळं बंद करून चालू करायला सांगा. वही वाचून त्याला जमलं, तर तुमचा सर्व्हर तयार झाला. नाही जमलं तर वहीत भर घाला. रेडिओ, खांब, अँटेना हे त्यानंतर.

दिवाळीच्या सुट्टीत मी हा पहिला भाग मोताळ्यात करणार आहे. आमच्या जिल्ह्यातली जी मंडळी घाटावर आणि घाटाखाली राहतात, त्यांनी आपापल्या गावातली एक उंच जागा आणि एक रोज लिहिणारा माणूस शोधून ठेवावा. अँटेना कुठे लावायची ते आपण नंतर बघू.